गड्डूला पट्ट्याविना गल्लीत नेता येईल का? (जुळे सोलापूर)

सातरस्ता | १६ मार्च, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी गड्ड्याच्या यात्रेत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री, होम मैदानाच्या बाहेर लावलेल्या आमच्या गाडीखाली एक पिल्लू येऊन बसलं होतं. लटलट कापत होतं. बायको म्हणाली, एक रात्र ठेवू घरात. ती रात्र अजून चालूच आहे. नाव अर्थातच गड्डू. आता सव्वा वर्षाचा झालाय. लांब पाय, बारीक कंबर, निमुळतं तोंड. कुणी म्हणतं कारवानीची भेसळ आहे, कुणी म्हणतं साधं गावठी. वजन २२ किलो.

स्वभावानं गरीब. चावणं माहीत नाही. पण माणूस दिसला की धावत जाऊन अंगावर दोन पाय टाकणं हा त्याचा नमस्कार. आमची गल्ली बंद टोकाची, वाहनं कमी, म्हणून रोज सकाळी पट्टा न लावताच बाहेर काढायचो.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं हे सांगायला नको. पाणी आलं की सगळी गल्ली दारात. मोटारी, पाइप, बादल्या, पहाटेची आरडाओरड. त्या गडबडीत गेल्या गुरुवारी शेजारच्या काकू पिण्याच्या पाण्याची कळशी कमरेवर घेऊन निघाल्या आणि हा मागून गेला. काकू बसल्या खाली. कोपर खरचटलं, कळशीला पोचा पडला. मी धावत गेलो आणि तोंडातून निघालं, "काकू, तो काही करत नाही हो."

त्या म्हणाल्या, "काही करत नाही ते त्याला माहीत, तुला माहीत. मला कुठं माहीत?"

तेव्हापासून बोलणं बंद. समोरच्या अण्णांनीही ऐकवलं. हाका मारून, पेपरची सुरळी दाखवून झालं. शेजाऱ्यांच्या हातानं बिस्कीटं देऊन ओळख वाढवायचाही प्रयत्न केला, त्यानं तर आणखी बिघडला. मला त्याला कायम साखळीला बांधायचं नाही. लोक आजूबाजूला असताना मोकळा चालेल आणि कुणाकडं जाणार नाही, असं शिकवता येतं का? कुणी केलंय का?

बे_एके_बे | १६ मार्च, रात्री १०.३२

काय बे, गड्ड्यात पोरं हरवतात, तुला कुत्रं सापडलं! आधी काकूंना नवी कळशी घेऊन दे, बाकीचं तज्ज्ञ येऊन सांगतील. मी चहा ठेवलाय.

पाणी_आलं_का | १६ मार्च, रात्री ११.०५

मी तुमच्या काकूंच्या बाजूनं लिहिते.

मी सात वर्षांची असताना मंगळवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मला कुत्रं चावलं. तेसुद्धा ओळखीचं, घरमालकांचं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. आज पन्नाशी उलटली तरी गल्लीच्या टोकाला कुत्रं दिसलं की माझे पाय आपोआप थांबतात. हा बाऊ नाही, पायांनाच सांगावं लागत नाही.

"तो काही करत नाही" या वाक्यानं आम्हा घाबरणाऱ्यांना काडीचा धीर येत नाही. उलट राग येतो, कारण त्यात चूक आमच्या भीतीची ठरते. धीर कुठल्या शब्दानं येतो सांगू? "धरलाय हो!" एवढंच. मालक लांबूनच ओरडला "धरलाय" आणि मला त्याचा हात पट्ट्यावर दिसला की मी निवांत पुढं जाते. मला तुमच्या कुत्र्याशी मैत्री नको आहे. दूध आणायला जाता आलं म्हणजे झालं.

सातरस्ता | १६ मार्च, रात्री ११.२०

पाणी_आलं_का ताई, तुमचं बरोबर आहे. वाचून ओशाळलो.

कडकभाकरी | १७ मार्च, सकाळी ७.५०

माझ्याकडं आजवर तीन कुत्री झाली. पहिल्याच्या वेळी तुम्ही करताय त्या सगळ्या चुका मी केल्यात, त्यामुळं हक्कानं लिहिते.

मोकळं चालायला शिकवणं म्हणजे खरं तर हाकेला परत यायला शिकवणं. गल्लीत मोकळा आहे आणि हाकेला येत नाही, तर तो सुटलेला कुत्रा. एवढं मान्य असेल तर पुढं वाचा.

आजपासून गल्लीत मोकळं सोडणं बंद. शिक्षा म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी तुम्ही हाक मारता, तो काकूंकडं जातो आणि त्याला मज्जा येते, म्हणजे तुमची हाक कानाआड टाकायचा त्याचा सरावच होतो. रोज सकाळी तुम्ही त्याला नेमकं तेच शिकवत होता.

बिस्किटांचं म्हणाल तर ती सगळ्यात मोठी चूक. तुमचा हेतू चांगला होता, पण कुत्र्याच्या डोक्यात काय बसलं? शेजारी म्हणजे खाऊ. मग तो लांबून पळत जाणारच. खाऊ शेजाऱ्यांच्या हातून नको, तुमच्या हातून हवा, आणि शेजारी दिसल्यानंतर हवा. काकू दिसल्या की त्यानं वळून तुमच्याकडं बघावं, ही सवय लावायची आहे. सुरुवात लांबून करा. काकू फाटकाजवळ असतील तर तुम्ही गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. त्याला त्या दिसल्या, कान टवकारले, पण अजून ओढत नाहीये, त्याच क्षणी "शाब्बास" आणि तोंडात चिकनचा तुकडा. पाच-सहा दिवसांत तो काकूंना बघून आपणहून तुमच्याकडं वळेल. मग दोन पावलं पुढं. ओढायला लागला म्हणजे तुम्ही घाई केलीत, चार पावलं मागं.

काकूंना यातलं काही सांगायची गरज नाही, त्यांनी काही करायचंही नाही. त्यांनी आपलं पाणी भरावं.

आता हाक. एक शब्द ठरवा, जो घरात दुसऱ्या कशासाठी वापरत नाही. "ये" नको. दिवसातून शंभर वेळा आपण कुणाकुणाला "ये" म्हणतो. पहिला आठवडा फक्त घरात. तो शब्द एकदाच म्हणायचा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. एका वेळी दोन-तीन मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, पुरे. मग गच्ची (कठडा उंच असेल तरच), मग अंगण, मग मोकळा प्लॉट.

बाहेर गेल्यावर दहा मीटरची लांब दोरी. मंगळवार बाजारात बैलाचा सुती कासरा मिळतो, तोच घ्या, स्वस्त आणि हाताला मऊ. तो हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) बांधायचा, गळपट्ट्याला नाही. धावत सुटला आणि दोरी संपली तर झटका मानेला बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका. जमिनीवर घसरू द्यायची आणि गरज पडली तर पायानं दाबायची.

या शब्दानं कधीही अंघोळीला, नखं कापायला किंवा खेळ संपवून घरात कोंडायला बोलवायचं नाही. तेव्हा आपण उठून जायचं आणि त्याला आणायचं. मैदानावर हाक मारा, आला की गळपट्टा धरा, खाऊ द्या आणि परत सोडा. दहातल्या नऊ वेळा परत सोडा. नाहीतर हाकेचा अर्थ "मज्जा संपली" असा होतो आणि शहाणं कुत्रं त्या हाकेला येत नाही. माझी पहिली कुत्री मला हातभर अंतरावर ठेवून अर्धा तास गोल गोल फिरवायची, त्याचं कारण हेच होतं.

शेवटचं. सव्वा वर्ष हे कुत्र्याचं वांड वय. सहा महिने ते दीड वर्ष या काळात येत असलेलंही विसरतात. धीर धरा.

पूर्वभाग | १७ मार्च, दुपारी २.१०

कडकभाकरीताईंचा शब्दाचा मुद्दा सोलापूरकरांनी दोनदा वाचावा. आमच्या घरात आई तेलुगूत "इक्कड रा" म्हणते, बायको अक्कलकोटकडची, ती कन्नडमध्ये "इल्ली बा" म्हणते, मी "ये बे" म्हणतो, पोरगी शाळेतून शिकून आलेली, ती "कम कम". आमचा राजू मधोमध बसून प्रत्येकाच्या तोंडाकडं बघायचा. आम्ही म्हणायचो ऐकत नाही. त्याला चार भाषा येत नाहीत एवढाच त्याचा गुन्हा.

शेवटी आजोबांच्या हातमागावरचा शब्द घेतला, "धोटा". मागावर जातो तसा परत येतो. आता गल्लीत हा शब्द दुसरं कुणी उच्चारतच नाही. घरातल्या चौघांनी महिनाभर तेवढा एकच शब्द वापरला. राजू आता यंत्रमागाच्या खडखडाटातही येतो.

बे_एके_बे | १७ मार्च, दुपारी २.१८

शिट्टी वापरली तर नाही का चालणार? भाषेचा प्रश्नच मिटला.

कडकभाकरी | १७ मार्च, दुपारी ३.००

उत्तम चालते. लांब ऐकू जाते आणि तिच्यात आपला राग उमटत नाही. फक्त तिचा आवाज घरातल्या कुकरपेक्षा वेगळा हवा. मी अनुभवानं सांगतेय.

माझा_टायगर | १७ मार्च, रात्री ९.४४

एवढं चिकन, दोरी, शिट्टी कशाला? गावाकडं कुत्री जन्मभर मोकळी असतात, कुणाला काही होत नाही. कुत्र्याला धाक पाहिजे. बाजारात करंटचा पट्टा मिळतो, रिमोट दाबला की झटका बसतो. माझ्या टायगरला दोन दिवसांत सरळ केला. आणि घाबरणाऱ्यांनी थोडं जुळवून घ्यावं, मुक्या जनावराला बांधून ठेवणं पाप आहे.

कडकभाकरी | १७ मार्च, रात्री १०.२०

टायगरदादा, ज्या क्षणी झटका बसतो त्या क्षणी कुत्रं कुणाकडं बघत असतं? काकूंकडं. दुखण्याचा संबंध ते काकूंशी जोडतं, तुमच्या खिशातल्या रिमोटशी नाही. आज प्रेमानं अंगावर जाणारा गड्डू उद्या काकू दिसल्या की गुरगुरणार. गुरगुरण्यालाही झटका दिलात तर तेही बंद करेल आणि न गुरगुरता चावेल. गुरगुरणं ही पूर्वसूचना असते, ती मारून टाकायची नसते.

गावाकडच्या मोकळ्या कुत्र्यांबद्दल गावाकडच्या पोस्टमनला विचारा.

गुरांचा_डॉक्टर | १८ मार्च, सकाळी ६.१५

पशुसंवर्धनातली नोकरी करून निवृत्त झालो आहे. शिकवण्यातलं ताईंना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी प्रकृतीचं बोलतो.

मोकळं सोडायचा विचार करणाऱ्यानं आधी लसीची वही काढावी. रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्यात, त्यानंतर बूस्टर आणि पुढं दरवर्षी. गड्डू रस्त्यावर सापडलेला आहे, लस झाली असेलच असं धरून चालू नका. वहीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. उद्या त्याच्या नखानं कुणाला ओरखडा उठला तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि त्याचा तो हक्क आहे.

तसं काही घडलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. तिखट, चुना, हळद यांतलं काही भरायचं नाही. मग थेट सिव्हिल. दंडात घेतात ती लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, कातडीत देतात ती ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दोन सुया झाल्या, बरं वाटतंय म्हणून मधेच सोडायची नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर त्यावर उपाय नाही.

आता आपल्या गावाचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर, कधी ४४ च्या घरात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंग थंड करतं. चेंडूमागं धावणारं तरणं कुत्रं थकलं म्हणून थांबत नाही, पडेपर्यंत धावतं. उलटा तळहात डांबरावर सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याच्या पंजांचीही तीच गत. उन्हाळ्यात सराव पहाटे साडेपाचला आणि रात्री आठनंतर.

आणखी एक. खाऊ म्हणून बेदाणे देऊ नका. आपला जिल्हा द्राक्षांचा, घराघरांत बेदाणा पडलेला असतो, मुठीत धरायला सोयीचा. पण द्राक्षं आणि बेदाणे यांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर हे सांगता येत नाही, एखाद्याला थोड्यानंही होतं. पंढरपूरकडच्या एका बागेतल्या राखणीच्या कुत्र्याला मी यातून वाचवू शकलो नाही. कांदा, लसूण, चॉकलेट हेही वर्ज्य. म्हणजे शेंगाचटणी लावलेली भाकरीही नको, त्यात लसूण असतो.

बे_एके_बे | १८ मार्च, सकाळी ८.०२

शेंगाचटणी नाही? मग त्यानं सोलापुरात राहायचं तरी कशाला?

कोर्टकचेरी | १८ मार्च, दुपारी १२.३०

कायद्याचं थोडक्यात लिहितो, कारण दोन्ही बाजूंचा गैरसमज असतो.

पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेणं हे मालकाचं काम. ते हलगर्जीपणानं किंवा जाणूनबुजून टाळलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेत कलम २८९ होतं आणि दंड १,००० रुपयांपर्यंत होता. कुत्रं चावायलाच हवं असं कलमात कुठंही नाही. कळशी घेतलेली म्हातारी बाई पडून खुब्याचं हाड मोडलं असतं तर "तो फक्त खेळत होता" हा बचाव नव्हे.

दुसरी बाजू. गल्लीनं किंवा सोसायटीनं बहुमतानं ठराव करून तुम्हाला कुत्रं पाळायचीच बंदी करता येत नाही. प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना तसं स्पष्ट सांगतात. त्याच सूचना मालकांना सार्वजनिक जागी पट्टा लावायलाही सांगतात, तो भाग मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही.

पाणी_आलं_का | १८ मार्च, दुपारी १.१०

शेवटच्या वाक्याला +१.

माळरान | १९ मार्च, रात्री ८.२५

गल्लीत जमत नाही म्हटल्यावर पुढचा विचार कुठला येणार ते मला माहीत आहे. रविवारी सकाळी गाडीत घालून नान्नजकडच्या माळावर न्यायचं, तिथं कुणी शेजारी नाही, सोडा खुशाल. कृपा करून हे करू नका.

तो माळ रिकामा नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोक आता दिसणं दुर्मीळ झालं, पण काळवीट आहेत, लांडगे आहेत, खोकड आहे. टिटवी, धाविक, चंडोल जमिनीवरच अंडी घालतात आणि त्यांचा विणीचा काळ नेमका उन्हाळ्यात येतो. कुत्र्यानं अंडी खाल्लीच पाहिजेत असं नाही. भर उन्हात टिटवीला अर्धा तास घरट्यावरून उठवून ठेवलं तरी अंडी भाजून जातात.

त्यात गड्डूचं वर्णन वाचून तो कारवानी रक्ताचा वाटतो. आपल्या भागातल्या कारवानी, पश्मी आणि पलीकडच्या मुधोळ कुत्र्यांची पैदास शेकडो वर्षं एकाच कामासाठी झाली, ते म्हणजे डोळ्याला दिसलेलं पळतं जनावर गाठणं. ही कुत्री वास घेत रेंगाळत नाहीत, बघतात आणि सुटतात. सुटल्यावर कान बंद होतात. समोर काळवीट उधळलं की चिकन, शिट्टी, धोटा, काही उपयोग नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकलणं हेही येतं. मारलं नाही म्हणून सुटका नाही.

शिवाय कुत्र्यांचा डिस्टेंपर हा संसर्गाचा रोग लांडग्यांनाही होतो. आपलं लस घेतलेलं कुत्रं धष्टपुष्ट घरी येतं, हे खरं. पण सगळ्यांची लस झालेली असते का?

सातरस्ता | १९ मार्च, रात्री ९.००

माळरान, तुम्ही मनातलं ओळखलंत. येत्या रविवारी खरंच नान्नजकडं जाणार होतो. रद्द.

मग सोडायचं कुठं? कंबर तलावाच्या बाजूला सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी, होम मैदानावर क्रिकेट.

पूर्वभाग | १९ मार्च, रात्री ९.३५

कुंपणाची भिंत घातलेला पण बांधकाम न झालेला प्लॉट शोधा. जुळे सोलापुरात ढिगानं आहेत. मालकाला फोन करून परवानगी घ्या. आत काचा आणि बाभळीचे काटे आधी वेचा. आमच्या मालकांनी एका अटीवर दिला, गवत कापून ठेवायचं. मी ठेवतो.

सातरस्ता | २१ एप्रिल, रात्री १०.४०

महिन्याचा हिशेब देतो.

शब्द "धोटा"च घेतला, पूर्वभाग यांची परवानगी न विचारता. घरात आठ दिवसांत जमला. गच्चीवर जमला. बाहेर पहिल्या दिवशी शून्य. जणू कधी ऐकलाच नव्हता. डोकं फिरलं होतं. मग कळलं की मी एका दिवसात सगळंच बदललं होतं. नवी जागा, लांब अंतर आणि त्यात कडेला डुकरं. मग एका वेळी एकच गोष्ट अवघड करायची असं ठरवलं. अंतर वाढवलं तर जागा शांत, जागा गजबजलेली तर दोरी आखूड.

कडकभाकरीताईंनी बजावूनही कासरा हाताला गुंडाळला. मांजर दिसलं. तळहाताची साल गेली, चार दिवस कीबोर्डवर एका हातानं टायपत होतो. आता गुंडाळत नाही.

गल्लीत तो लांब दोरीवरही नसतो, साध्या पट्ट्यावर असतो. काकू फाटकाशी दिसल्या की वळून माझ्याकडं बघतो. अजून दहा-बारा पावलांवरून. त्याच्या आत गेलो की शेपूट, अंग, सगळंच हलायला लागतं.

फाटकाचा धडा मी माझ्या डोक्यानं घातला. फाटक उघडलं म्हणजे बाहेर पळायचं नाही. बसायचं, मी "चल" म्हटलं की निघायचं. पहिले चार दिवस फाटक वीतभर उघडायचं, उठला की बंद, परत वीतभर, उठला की बंद. समोरचे अण्णा गॅलरीतून बघत होते. म्हणाले, "कडी सैल झालीय का रे?"

कडकभाकरी | २१ एप्रिल, रात्री ११.१५

छान चाललंय. आता पाण्याच्या दिवसाची तयारी वेगळी करा. तो दिवस म्हणजे त्याच्यासाठी जत्रा असते. एक जुनी सोलापुरी चादर घ्या आणि तिची चौपदरी घडी ही त्याची "जागा" करा. चादरीवर बसला की खाऊ, पडून राहिला की जास्त खाऊ. आधी दिवाणखान्यात, मग व्हरांड्यात, मग फाटकाच्या आत. चादरीचा फायदा असा की ती कुठंही अंथरली तरी त्याची जागा तिथं तयार होते. जाडजूड चादर, दहा वर्षं धुतली तरी हलत नाही. या गावात तिची टंचाई नाही.

जुनाजाणता_श्वानप्रेमी | २ मे, सकाळी ११.२०

खच्चीकरण केलं की हे सगळे प्रश्न आपोआप सुटतात. एवढी मेहनत कशाला?

गुरांचा_डॉक्टर | २ मे, दुपारी १.००

अर्धसत्य. नसबंदीनं नराचं भटकणं, मादीच्या मागं जाणं, जागोजागी मुतणं कमी होतं. करावी, मी सुचवेनच. पण माणसाच्या अंगावर उड्या मारणं हा हार्मोनचा विषय नाही. ते शिकलेलं असतं, दुसरं शिकवूनच जातं.

सातरस्ता | १४ जुलै, रात्री ९.३०

धागा वर काढतो. मधे दोन महिने ऊन आणि ऑफिस यांत गेले, सराव पहाटेचाच.

प्लॉटमध्ये गड्डू आता पूर्ण मोकळा असतो. "धोटा" म्हटलं की मधे चेंडू असला तरी येतो. पलीकडच्या भिंतीवर मांजर असेल तर येत नाही. हे मी मान्य केलंय. त्याच्या रक्ताशी भांडणार नाही, त्या वेळी दोरी लावतो. फटाके आणि डीजेच्या दिवशीसुद्धा दोरी. परवा लग्नाच्या वरातीतल्या एका सुतळी बॉम्बला जो पळाला तो थेट प्लॉटच्या भिंतीला आपटला. गड्ड्यात मिळालेलं पोर ते, त्याचा तो आवाज तेव्हापासून डोक्यात असणार.

गल्लीत मोकळा नेत नाही. मूळ प्रश्न तोच होता, म्हणून स्पष्ट लिहितो. हाकेला येतो, फाटकाशी बसतो, काकूंच्या बाजूनं चार पावलांवरून सरळ चालत जातो. बहुतेक नेता येईलही. पण त्याचं येणं मला माहीत झालंय, काकूंना कुठं माहीत आहे? पट्टा मी त्यांच्यासाठी लावतो. त्यांना तो लांबूनही दिसावा म्हणून भडक केशरी घेतलाय. आणि लांबूनच ओरडतो, "धरलाय हो!" पाणी_आलं_का ताई, हे तुमचं.

गेल्या रविवारी पाणी आलं. फाटकाच्या आत चादर अंथरली, गड्डू पट्ट्यासकट त्यावर. समोरून सतरा माणसं, दोन पाइप आणि एक सायकल गेली. दोनदा उठला, दोनदा बसला. काकू कळशी घेऊन गेल्या तेव्हा पडल्या पडल्या शेपूट आपटली फक्त. मी सगळं चिकन संपवलं.

पाणी_आलं_का | १४ जुलै, रात्री ९.५२

केशरी पट्ट्याचं वाचून बरं वाटलं. आमच्याही गल्लीत एकाला सांगून बघते.

बे_एके_बे | १४ जुलै, रात्री १०.०५

ते सगळं ठीक आहे बे. काकू बोलल्या का? आणि कळशी घेऊन दिलीस की नाही?

सातरस्ता | १४ जुलै, रात्री १०.१२

मार्चमध्येच दिली, स्टीलची. घेतली, पण माळ्यावर ठेवली. पाणी अजून पोचा पडलेल्या कळशीतच भरतात, आणि आमच्या फाटकासमोरून जाताना ती बाजू मुद्दाम आमच्याकडं करतात. रविवारी मात्र थांबल्या. गड्डूकडं बघितलं, चादरीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "चांगली चादर कुत्र्याला घातलीस?"

एवढंच. चार महिन्यांतलं पहिलं वाक्य.